डेल्टा जी नॉट पॉझिटिव्ह आहे, मग भट्टीतला दगड पांढरा कसा होतो?

वणीची_एफवाय

नमस्कार. मी एफवायबीएस्सीला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे अजूनही डोक्यात आधी "समतोल" येतो आणि मग "इक्विलिब्रियम". थर्मो एका सरांनी शिकवलं, इक्विलिब्रियम दुसऱ्या मॅडमनी, आणि दोन्हींची गणितं मी दोन वेगळ्या वह्यांत केली. आता एकाच गणितात दोन्ही एकत्र आली आणि मी तीन दिवस तिथेच अडकले आहे.

आधी घरचं सांगते, कारण प्रश्न तिथूनच आला. आमच्या वणीच्या पट्ट्यात कोळसाही निघतो आणि चुनखडीही, म्हणून इकडे चुन्याच्या भट्ट्या आहेत. माझे बाबा एका भट्टीवर एकोणीस वर्षं कामाला आहेत. वरून दगड आणि कोळशाचे थर द्यायचे, खालून कळी (भाजून तयार झालेला चुना) काढायची. गणितात आलेली रिॲक्शन नेमकी तीच:

कॅल्शियम कार्बोनेट (घन) ⇌ कॅल्शियम ऑक्साइड (घन) + कार्बन डायऑक्साइड (वायू)

दिलेली माहिती: डेल्टा एच नॉट (उष्णतेतला बदल) १७८.३, डेल्टा एस नॉट (एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणा, त्यातला बदल) १६०.६. विचारलंय की विघटन कोणत्या तापमानाच्या वर आपोआप होईल. मी डेल्टा जी नॉट (म्हणजे डेल्टा एच नॉट − टी × डेल्टा एस नॉट, टी हे तापमान) शून्य धरला, टी = १७८.३ ÷ १६०.६ केलं आणि उत्तर आलं १.११ केल्विन. पुस्तकात मागे उत्तर आहे ८३७ अंश सेल्सिअस. पुढच्या उपप्रश्नात २५ अंशाला डेल्टा जी नॉट काढायचा होता. माझा आला उणे ४७,६८१. म्हणजे अंगणात पडलेला दगड आपोआप चुना व्हायला हवा. तो तर मी लहान असल्यापासून तिथे तसाच पडलाय.

ही चूक कुठेतरी आकडेमोडीत असणार, ती कुणीतरी दाखवालच. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे.

मागच्या वर्षी भट्टीत तापमान बघायला थर्मोकपल बसवलं. बाबा म्हणतात, काटा आठशेवर असतानाच वरच्या थरातले दगड बाहेरून पांढरे झालेले असतात. फोडून पाहिले तर आत अजून निळसर, कच्चे. पुस्तकाप्रमाणे ८३७ च्या खाली डेल्टा जी नॉट पॉझिटिव्ह, आणि वर्गात आम्हाला सांगितलंय की पॉझिटिव्ह म्हणजे रिॲक्शन होत नाही. मग आठशेला बाहेरचा थर पांढरा कसा झाला? आणि बाहेरचा झाला तर आतला का नाही, रिॲक्शन तर तीच आहे ना?

बाबांचं आणखी एक वाक्य आहे: "भट्टीत वारा नाही खेळला तर दगड कच्चाच राहते." वाऱ्याचा माझ्या सूत्रात कुठे संबंध येतो, ते मला सापडत नाही. चाचणीत मी के (समतोल स्थिरांक) लिहिताना तिन्ही पदार्थ लिहिले, त्याचेही मार्क गेले. घन पदार्थ का लिहायचे नाहीत, याला "नियमच आहे" एवढंच उत्तर मिळालं.

कृपया पायरी-पायरीने सांगा. वेळ लागला तरी चालेल.

---

रात्रपाळी_एमएस्सी

आधी आकडेमोडीचं घेऊ. तुझ्या पुस्तकात डेल्टा एच किलोज्यूलमध्ये आहे आणि डेल्टा एस ज्यूल प्रति केल्विनमध्ये. पुस्तकं हे असंच छापतात, कारण एन्ट्रॉपीचे आकडे लहान असतात. तू दोन्ही एकाच एककात आहेत असं धरलंस.

१७८.३ किलोज्यूल म्हणजे १,७८,३०० ज्यूल. १,७८,३०० ÷ १६०.६ = १,११० केल्विन. त्यातून २७३ वजा केले की ८३७ अंश सेल्सिअस.

२५ अंशाला: १,७८,३०० − (२९८ × १६०.६) = १,७८,३०० − ४७,८५९ = सुमारे १,३०,४०० ज्यूल, म्हणजे अधिक १३०.४ किलोज्यूल. तुझा दगड अंगणात शाबूत का आहे ते इथे दिसतं.

मी स्वतःला एक सवय लावून घेतली आहे, तीच तुला सांगते. गणित सुरू करायच्या आधी सगळं ज्यूल, केल्विन आणि बारमध्ये उतरवून घ्यायचं, एकक प्रत्येक आकड्याशेजारी लिहायचं, आणि उत्तर आल्यावर क्षणभर थांबायचं. द्रव हेलियमसुद्धा ४.२ केल्विनला उकळतं. १.११ केल्विन हे कुठल्याही भट्टीचं तापमान असूच शकत नाही, आणि एवढ्यावरूनच चूक पकडता येते.

अजून एक खड्डा पुढे लागेल. डेल्टा जी नॉट = −आर टी एलएन के (एलएन म्हणजे नैसर्गिक लॉगरिदम), इथे आर, म्हणजे वायू स्थिरांक, ८.३१४, कारण ऊर्जा ज्यूलमध्ये आहे. पण केपी (दाबांवरून काढलेला के) आणि केसी (संहतींवरून काढलेला के) यांची अदलाबदल करताना आर ०.०८३१४ घ्यावा लागतो, कारण तिथे लिटर आणि बार आहेत. शिवाय वायूंच्या गणितात डेल्टा जी नॉटमधून जो के निघतो तो केपी असतो. केसी विचारला असेल तर आणखी एक पायरी करावी लागते. माझ्या एसवायच्या पेपरात याच पायरीवर सहा मार्क गेले होते.

दगड आणि वाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला अर्धंच येतं, म्हणून जाणत्यांवर सोडते.

---

सूत्र_पाठ

मी क्लासमध्ये शिकवतो. परीक्षेपुरतं सांगतो. चार केसचा तक्ता पाठ कर. डेल्टा एच अधिक आणि डेल्टा एस अधिक असेल तर जास्त तापमानाला रिॲक्शन होते, कमी तापमानाला होत नाही. सीमा म्हणजे टी = डेल्टा एच ÷ डेल्टा एस. ८३७ च्या खाली "होत नाही" असं लिहायचं आणि पुढच्या गणिताला लागायचं. थर्मोकपल नीट बसलं नसेल किंवा चुकीचं दाखवत असेल. पेपरात भट्टी येत नाही, वेळ मात्र कमी असतो.

---

खडू_आणि_परीक्षानळी

मी ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. वरच्या सरांचा तक्ता बरोबर आहे आणि तो पाठ असलाच पाहिजे. पण तो तक्ता डेल्टा जी नॉटचा आहे, डेल्टा जीचा नाही. पोरीचा सगळा प्रश्न नॉटच्या त्या एका छोट्या वर्तुळात अडकलाय, तिथे "पुढच्या गणिताला लाग" म्हणून चालणार नाही. थर्मोकपलला दोष द्यायचीही गरज नाही. तुझे बाबा जे बघतात ते बरोबर बघतात.

बाळ, ते "नॉट" म्हणजे काय, हे आधी पक्कं कर. पुष्कळ मुलांना वाटतं की नॉट म्हणजे २५ अंश. तसं नाही. नॉट म्हणजे प्रत्येक पदार्थ त्याच्या प्रमाण अवस्थेत आहे: घन पदार्थ शुद्ध, आणि प्रत्येक वायूचा दाब १ बार. (१९८२ पासून १ बार धरतात, त्याआधीच्या पुस्तकांत १ ॲटमॉस्फिअर असे. फरक सव्वा टक्क्यापेक्षा थोडा जास्त, आपल्या गणितात तो जाणवत नाही.) तापमान कोणतंही असू शकतं. म्हणून "८०० अंशाला डेल्टा जी नॉट" हे शब्द एकत्र येऊ शकतात.

तर डेल्टा जी नॉट पॉझिटिव्ह आला, याचा अर्थ एवढाच: कार्बन डायऑक्साइड पूर्ण १ बार दाबाने दगडाच्या अंगावर बसलेला असेल, तर दगड फुटणार नाही, म्हणजे त्याचं विघटन होणार नाही. भट्टीत तो तेवढ्या दाबाने बसलाय का, हे डेल्टा जी नॉटला माहीत नसतं. ते सांगतं हे सूत्र:

डेल्टा जी = डेल्टा जी नॉट + आर टी एलएन क्यू

क्यू म्हणजे या क्षणी असलेली परिस्थिती: तयार झालेल्या पदार्थांच्या किमती भागिले सुरुवातीच्या पदार्थांच्या किमती (वायूची किंमत म्हणजे त्याचा दाब). के म्हणजे समतोल झाल्यावरची. क्यू के पेक्षा लहान असेल तर रिॲक्शन पुढे जाते, मोठा असेल तर मागे फिरते. दिशा ठरते ती डेल्टा जी वरून, नॉट नसलेल्या.

आता घन पदार्थांचं. शुद्ध घन पदार्थ कितीही असला तरी त्याची अवस्था बदलत नाही. पाच किलो चुनखडी जितकी "चुनखडी" आहे, तितकीच पाच टनही आहे. म्हणून त्याची किंमत १ धरतात आणि १ ने गुणून काही बदलत नाही. याला नियम म्हणून सोडून देऊ नकोस, कारण हे कुणीतरी दगड तापवूनच दाखवलेलं आहे, आणि तो दगड तुझाच होता. आँरी दब्रे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८६७ साली कॅल्शियम कार्बोनेट बंद जागेत तापवलं. त्याला आढळलं की एका तापमानाला कार्बन डायऑक्साइडचा दाब एका ठरावीक आकड्यावर येऊन थांबतो, आणि आत घन पदार्थ कमी घातला की जास्त, याचा त्या आकड्यावर काही परिणाम होत नाही. तो आकडा म्हणजेच तुझा के. म्हणून:

के = समतोलातला कार्बन डायऑक्साइडचा दाब (बारमध्ये)
क्यू = आत्ता असलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब (बारमध्ये)

एवढं साधं समीकरण दुसऱ्या कुठल्या गणितात क्वचितच मिळेल. मी वर्गात इक्विलिब्रियमची सुरुवात मुद्दाम याच दगडापासून करायचो.

आता आठशे अंश घेऊ, म्हणजे १०७३ केल्विन.

डेल्टा जी नॉट = १,७८,३०० − (१०७३ × १६०.६) = १,७८,३०० − १,७२,३२४ = ५,९७६ ज्यूल. पॉझिटिव्ह, बरोबर.

आर टी = ८.३१४ × १०७३ = ८,९२१ ज्यूल.

एलएन के = −५,९७६ ÷ ८,९२१ = −०.६७०, म्हणून के = ०.५१.

डेल्टा जी नॉट पॉझिटिव्ह असूनही के शून्य नाही, अर्धा बार आहे. "रिॲक्शन होत नाही" हे वाक्य इथेच मोडून पडतं. रिॲक्शन कार्बन डायऑक्साइडचा दाब अर्ध्या बारपर्यंत जाईतो होते, मग थांबते. आणि तो दाब कुणी चढूच दिला नाही, तर थांबतच नाही.

समजा दगडाच्या बाहेरून हवा वाहतेय आणि तिथे कार्बन डायऑक्साइड पंधरा टक्के आहे, म्हणजे ०.१५ बार. मग:

डेल्टा जी = ५,९७६ + ८,९२१ × एलएन ०.१५ = ५,९७६ − १६,९२४ = −१०,९४८ ज्यूल

जवळजवळ उणे अकरा किलोज्यूल. बाहेरचा थर फुटणारच.

आता वारा बंद. कोळशाच्या ज्वलनातून आलेला आणि दगडातून सुटलेला वायू तिथेच कोंडला आणि समजा ०.८ बार झाला:

डेल्टा जी = ५,९७६ + ८,९२१ × एलएन ०.८ = ५,९७६ − १,९९१ = +३,९८५ ज्यूल

तापमान तेच, दगड तोच, डेल्टा जी नॉटही तोच. पण आता दगड फुटणार नाही, उलट झालेला चुना वायू परत घेईल. तुझ्या बाबांचा वारा सूत्रात कुठे आहे, असं विचारलं होतंस. तो क्यू मध्ये आहे. (वाऱ्याचं दुसरंही काम आहे, तो कोळसा नीट जाळतो आणि तापमान चढवतो. बाबांच्या एका वाक्यात ही दोन्ही कामं आली आहेत. एकाचंच श्रेय वाऱ्याला देऊ नकोस.)

आतला गाभा कच्चा का, हेही इथूनच निघतं. दगडाच्या पोटात सुटलेला कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून बाहेर यायला वेळ घेतो. आत दुसरी हवा नसते, जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइडच. म्हणजे पोटात क्यू एकाच्या आसपास जातो, आणि क्यू एक म्हणजे एलएन शून्य, म्हणजे डेल्टा जी आणि डेल्टा जी नॉट सारखेच! पुस्तकाची प्रमाण अवस्था तुझ्या दगडाच्या पोटात खरोखर तयार होते. वरचा थर आठशेला फुटतो, पण पोटाला ती सीमा ओलांडावीच लागते. त्यात उष्णताही बाहेरून आत हळूहळू झिरपते, म्हणून पोट थंडही असतं. दगड एकसारख्या आकाराचे फोडून का भरतात, ते बाबांना विचार.

एक गोष्ट लपवू नये. ८३७ हे आपण डेल्टा एच आणि डेल्टा एस २५ अंशाचे धरून, ते तापमानाबरोबर बदलत नाहीत असं मानून काढलं. प्रत्यक्ष मोजमापात कार्बन डायऑक्साइडचा दाब १ ॲटमॉस्फिअर होतो तो ९०० अंशाच्या जवळ. आठशेला मोजलेला दाब ०.५१ नव्हे, पाव बारच्याही थोडा आत आहे. ०.१५ चा हिशोब तरीही टिकतो, कारण ०.१५ त्याहूनही कमी आहे. गणित करताना "डेल्टा एच व डेल्टा एस स्थिर मानले" हे एक वाक्य लिहित जा. ते मार्कांसाठी नव्हे, आपण काय मानलं हे आपल्यालाच कळावं म्हणून.

शेवटी तुझा अंगणातला दगड. २५ अंशाला एलएन के = −१,३०,४०० ÷ २,४७८ = −५२.६, म्हणजे के सुमारे १.४ × १० चा उणे २३ वा घात. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०००४ बार आहे. क्यू के पेक्षा प्रचंड मोठा, म्हणजे ओढ पूर्णपणे उलट्या दिशेला. भिंतीला दिलेला चुना बघ. पाणी टाकून विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. चुन्याच्या निवळीत फुंकर घातल्यावर जी दुधाळ होते, तीही तीच गोष्ट. बाबा भट्टीत जे मोडतात, ते रंगाऱ्याच्या भिंतीवर परत जुळतं.

---

अमोनियावाला

सरांनी सगळं सांगितलं, एकाच गोष्टीची भर घालतो. मी खत कारखान्यात अमोनियाच्या विभागात २२ वर्षं काढली आणि तिथे हा धडा उलटा शिकलो.

नायट्रोजन आणि तीन हायड्रोजन मिळून दोन अमोनिया. डेल्टा एच नॉट −९२.२ किलोज्यूल, डेल्टा एस नॉट −१९८.७ ज्यूल प्रति केल्विन. २५ अंशाला डेल्टा जी नॉट येतो −३३ किलोज्यूल, के सहा लाखांच्या आसपास. तुमच्या हिशोबाने खोलीतल्या तापमानालाच अमोनिया भसाभस व्हायला हवा. प्रत्यक्षात दोन्ही वायू बाटलीत भरून ठेवा, वर्षभराने बघा, काही झालेलं नसतं. नायट्रोजनचा तिहेरी बंध सुटतच नाही. डेल्टा जी दिशा सांगतो, वेग सांगत नाही.

म्हणून लोखंडाचा उत्प्रेरक आणि साडेचारशे अंशांच्या आसपास तापमान. पण तिथे डेल्टा जी नॉट पुन्हा पॉझिटिव्ह होतो: −९२,२०० + (७२३ × १९८.७) = सुमारे +५१,५०० ज्यूल. के दहा हजारात दोनच्या घरात, आणि मोजलेला त्याहून बराच कमी. तरी कारखाने चालतात. कसे? क्यू वर काम करून. इथे क्यू म्हणजे अमोनियाच्या दाबाचा वर्ग, भागिले नायट्रोजनचा दाब गुणिले हायड्रोजनच्या दाबाचा घन. दाब दुप्पट केला की क्यू च्या वरच्या बाजूला चौपट आणि खालच्या बाजूला सोळापट होते, म्हणजे क्यू एकदम पाव. शंभर-दोनशे बारला हा खेळ किती पुढे जातो, ते स्वतः घात मांडून बघा. शिवाय झालेला अमोनिया थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू परत फिरवतात. तुमच्याकडे वारा वायू काढून नेतो, आमच्याकडे कूलर काढायचा. फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे १९०९ साली टेबलावर करून दाखवलं आणि १९१३ साली जर्मनीत ओप्पाऊला पहिला कारखाना सुरू झाला.

तुमच्या भट्टीतही वेगाचा भाग आहेच. सीमा ओलांडली की लगेच दगड तयार होत नाही, म्हणून सीमेच्या बरंच वर तापवतात. पण फार तापवला तर चुना आतून घट्ट होतो आणि पाणी टाकल्यावर लवकर विरत नाही. बाबांना हे नक्की माहीत असेल.

---

वणीची_एफवाय

सर, काका, ताई, तिघांचेही मनापासून आभार. मी सरांचं उत्तर वहीत उतरवून काढलं आणि ०.१५ ऐवजी ०.३, ०.५ घालून स्वतः करून पाहिलं. ०.५१ ला डेल्टा जी जवळपास शून्य आला तेव्हा दोन्ही वह्या एकच आहेत हे कळलं. इतके दिवस थर्मोचा डेल्टा जी आणि इक्विलिब्रियमचा के हे मला वेगळ्या गावचे वाटत होते.

आता एक छोटा प्रश्न, याच प्रकरणातला. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड ⇌ २ नायट्रोजन डायऑक्साइड, २५ अंशाला केपी ०.१५, सुरुवातीला फक्त टेट्रॉक्साइड १ बार, भांड्याचं आकारमान स्थिर. फुटलेलं टेट्रॉक्साइड मी एक्स बार धरलं आणि "एक्स लहान आहे" म्हणून खालचा (१ − एक्स मधला) एक्स सोडून दिला. ४ एक्स वर्ग = ०.१५, एक्स = ०.१९४. उत्तर ०.१७६ आहे. एक्स कधी सोडायचा आणि कधी नाही?

---

खडू_आणि_परीक्षानळी

सोडून बघायला हरकत नाही, पण सोडल्यावर परत येऊन बघायचं. तू १ मधून ०.१९४ गेला तरी १ च राहिला असं मानलंस. एकोणीस टक्के गेले! पाच टक्क्यांच्या आत असेल तर सोडलेलं चालतं, इथे चालत नाही.

तक्ता मांड. सुरुवातीला १ आणि ०, बदल −एक्स आणि +२ एक्स, शेवटी (१ − एक्स) आणि २ एक्स. मुलं २ एक्स लिहितात आणि वर्ग करताना फक्त एक्सचा करतात, तू ४ बरोबर घेतलास, छान.

४ एक्स वर्ग ÷ (१ − एक्स) = ०.१५
४ एक्स वर्ग + ०.१५ एक्स − ०.१५ = ०
एक्स = (−०.१५ + वर्गमूळ २.४२२५) ÷ ८ = (−०.१५ + १.५५६) ÷ ८ = ०.१७६

मग परत के मध्ये घालून बघायचं: नायट्रोजन डायऑक्साइड ०.३५२, टेट्रॉक्साइड ०.८२४. ०.३५२ चा वर्ग ०.१२४, भागिले ०.८२४, आलं ०.१५. हा ताळा केल्याशिवाय पुढच्या गणिताला हात लावायचा नाही.

आणि हेही बघ: के ०.१५, म्हणजे डेल्टा जी नॉट साधारण +४.७ किलोज्यूल, पॉझिटिव्ह. तरी सतरा-अठरा टक्के टेट्रॉक्साइड फुटलंच. सुरुवातीला नायट्रोजन डायऑक्साइड नव्हताच, म्हणजे क्यू शून्य होता.

---

रात्रपाळी_एमएस्सी

सर, तुमचं पोटातल्या क्यू चं वाचून मी काल लॅबमध्ये थर्मल ॲनालिसिसचे जुने आलेख काढले. कॅल्शियम कार्बोनेट नायट्रोजनच्या प्रवाहात तापवलं की वजन आधी घटतं, कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात तापवलं की खूप उशिरा, जवळजवळ नऊशेच्या पुढे. मी हे आलेख वर्षभर बघत होते आणि "वातावरणाचा परिणाम" एवढंच लिहून सोडत होते. क्यू आहे हा.

---

वणीची_एफवाय

काल रविवार होता, बाबा घरी होते. मी त्यांना वहीतलं दाखवलं. आकडे त्यांना नको होते, पण "शंभर किलो दगडातून छप्पन्न किलो चुना आणि चव्वेचाळीस किलो वायू" हे मी मोलर मासवरून काढलेलं ऐकून ते थांबले. म्हणाले, छप्पन्न कधी भरत नाही, दगडात माती-रेती असते आणि थोडा कच्चा राहते, पण निम्म्याच्या वर भरतेच. उरलेलं कुठे जाते हे त्यांना माहीत होतं, धुरासोबत जाते. ते इतकं जड असते, हे माहीत नव्हतं.

दगड एकसारखे का फोडता, तेही विचारलं. म्हणाले, मोठ्याचं पोट होईपर्यंत लहाना जळून जाते, मग त्यावर पाणी टाकलं तर तो लवकर उमलत नाही. अमोनियावाल्या काकांनी लिहिलेलं हेच असावं. आणि बारीक चुरा का टाकत नाही विचारलं, तर म्हणाले, चुऱ्याने मधल्या फटी बुजतात अन् वारा अडते.

मग मी त्यांना विचारलं, वारा नसला की दगड कच्चा राहतो हे तुम्हाला कुणी सांगितलं. म्हणाले, कोणी नाही, पावसाळ्यात एकदा खालची तोंडं ओल्या राखेने बुजली होती, विस्तव दिसत होता, पण तीन दिवसांनी काढलेला दगड फोडला तर आत तसाच निळा.

उद्या चाचणीचा पेपर परत मिळणार आहे. के मध्ये तिन्ही पदार्थ लिहिलेला तो प्रश्न मी मॅडमना पुन्हा सोडवून दाखवणार आहे, दब्रेच्या प्रयोगासकट. अमोनियाचं दीडशे बारचं गणितही मांडलंय: एक भाग नायट्रोजन, तीन भाग हायड्रोजन आणि अमोनिया पाच टक्के धरून. मोजलेला के नक्की किती घ्यायचा ते कळलं की इथे टाकते. काका, घात तपासून द्याल का?